शालूला वारा

कुरियरवाल्याचा फोन वाजला तेव्हा गौरजा पडवीत बसून तांदूळ निवडत होती. फोन तिच्या मांडीशेजारीच होता, तरी ती अशी दचकली की सुपातले निम्मे तांदूळ लादीवर सांडले. समोर पेपर वाचत बसलेले श्रीपादकाका चष्म्यावरून बघत म्हणाले, "कुकराची शिट्टी झाली काय ही देवाक हाक मारता. लग्नात वाजंत्री वाजतली, तेव्हा कसा करतलंस गो?"

गौरजा हसली. तांदूळ गोळा केले आणि स्कूटी काढून बाजारात गेली. दसरा होऊन गेला होता. पाऊस सरला होता, पण हवेतलं पाणी काही सरलं नव्हतं. भिंतींना घाम फुटावा असा उकाडा मालवणभर साचून राहिला होता. भरड नाक्यावर कुरियरचं खोकं ताब्यात घेताना तिनं ते दोन्ही हातांनी धरलं, आत काचसामान असावं तसं. आत होत्या फक्त प्लास्टिकच्या जाड पिशव्या, ओल शोषणाऱ्या पुड्या आणि हवा ओढून घेणारा हातपंप.

हे सगळं शालूसाठी होतं.

घरात जुन्या वस्तू तशा बऱ्याच. जुनं कौलारू घर उतरवून स्लॅबचं बांधलं तेव्हा काकांनी पुष्कळसं सामान वाटून टाकलं. तांब्याचं घंगाळ, चांदीची अत्तरदाणी आणि फणसाच्या लाकडाचा पेटारा एवढं मात्र नव्या घरात आलं. त्या पेटाऱ्यात शालू असे. पिकलेल्या जांभळाच्या रंगाचा, जरीच्या काठावर मोर असलेला. गौरजाची पणजी तो नेसून या घरात आली. नंतर सीताआजी आली. नंतर थोरली सून म्हणून गौरजाची आई, आणि तिच्या मागोमाग धाकटी, शर्मिष्ठाकाकी. लहानपणीच गेलेली आई गौरजाला नीटशी आठवतही नव्हती. वडील बोटीवर असायचे. तिला वाढवली ती काकीनं, स्वतःचं मूल नसलेल्या काकीनं, आणि इतकी की शाळेच्या दाखल्यावरचं आईचं नाव वाचताना गौरजाला दर वेळी क्षणभर परकं वाटे. येत्या मार्गशीर्षात तिचं लग्न होतं. वेंगुर्ल्याच्या कौस्तुभशी. तेव्हा शालू ती नेसणार होती.

आणि शालूवर बुरशी आली होती.

काकी भावाकडे पूजेला म्हणून खारेपाटणला निघाली, त्याच्या आदल्या दिवशी दोघींनी पेटारा उघडला होता. काठाला राखी ठिपके दिसले. जर काळवंडली होती. गौरजानं ठिपके मोजायला घेतले. काकीला मात्र काही वाटलं नाही. "वारो दिलो काय जाता," ती म्हणाली. "मी इलंय काय करू या."

वारा देणं ही या घरातली जुनी रीत. पाऊस गेला की एखादी कोरडी दुपार बघायची. मागच्या खोलीत चटईची हातरी पसरायची आणि तिच्यावर शालू पुरता उलगडायचा. खिडक्या उघड्या टाकायच्या, वाटीभर पाणी आणि चार फुलं ठेवायची, आणि बाहेर येऊन दार ओढून घ्यायचं. खिडकीतून आलेलं ऊन हातरीवरून सरकून भिंतीवर चढेपर्यंत आत कुणी जायचं नाही. लहानपणी गौरजानं विचारलं होतं, आत गेलं तर काय होतं. काकी म्हणाली होती, "होणा काय नाय. पण नेसणाऱ्याचा थोडा लुगड्यात रवता. तेंका मोकळा सोडूक होया. आपण मधी कशाक जावा?" तेंका म्हणजे कुणाला, हे गौरजानं विचारलं नाही. या बाजूला अशा गोष्टी कुणी खोदून विचारत नाही.

पण आता ती मोठी झाली होती. कुडाळच्या एका कॉलेजात ग्रंथालयात कामाला होती. एका ओल्या आठवड्यात कपाटातला पुस्तकांचा अख्खा खण कसा कुजतो ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. बुरशीला हवा लागते. हवाच काढून घेतली की बुरशी मेली, एवढं साधं होतं ते. काकी येईपर्यंत ठिपके वाढले तर? रात्री अंथरुणावर पडल्यावरही तिला तो काठ दिसे, आणि ठिपके एकमेकांकडे सरकताना दिसत.

म्हणून खोकं घरी आणल्यावर ती थांबली नाही. मऊ ब्रशनं बुरशी झाडली. घडीघडीत मलमल घातली, पुड्या ठेवल्या. शालू पिशवीत सरकवून तोंड बंद केलं आणि पंप लावला. बाहेर भर दुपार होती. माडांची झावळंसुद्धा हलत नव्हती. काका जेवण्याआधीची डुलकी काढत होते.

पंपाच्या पहिल्या ओढीबरोबर प्लास्टिक आक्रसलं. दुसरीला ते शालूला चिकटलं. मग हळूहळू काठावरचे मोर वर आले, घड्यांच्या कडा वर आल्या, पदराची गोंड्यांची रांग वर आली. सगळं आकसून, घट्ट, बारीक होत गेलं. गौरजाचा हात मध्येच थांबला. झोपलेल्या माणसाच्या तोंडावर आपण काहीतरी दाबून धरलंय, असं तिला उगाच वाटून गेलं. तिनं स्वतःलाच रागे भरलं, आणि उरलेली हवा ओढून काढली. पिशवी फळीसारखी कडक झाली. ती तिनं स्टीलच्या कपाटात वरच्या खणात ठेवली आणि कपाटाला चावी लावली. कितीतरी दिवसांनी तिला सुटल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी काकी आली. काका तिला स्टँडवरून रिक्षानं घेऊन आले. ती पायरीवरच बसली, घरात येईना. पदरानं वारा घेत होती आणि चेहरा पांढरा पडला होता.

गौरजानं पाणी दिलं. काकीनं थांबत थांबत सांगितलं ते असं, की खारेपाटणहून बरी निघाली, खिडकीची जागाही मिळाली. नांदगावचा तिठा गेला आणि दुपारच्या उन्हात अचानक श्वास मिळेना. बाजूच्या बाईनं पाणी मारलं, कंडक्टरनं गाडी थांबवली. "कोणी तरी तोंडार हात ठेवल्यासारख्या झाला गो," काकी म्हणाली. "आणि तो हात... अजून काडूक नाय."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर झाले. छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ. बोटाला चिमटा लावून बघितलं, त्यातला आकडाही बरा. डॉक्टर म्हणाले, प्रवासाचा शीण असेल, मनावर ताण असेल, लग्नघर आहे. गोळ्या दिल्या. पण काकीला आडवं होता येईना. ती खिडकीपाशी खुर्चीत बसून राहायची, गजाला तोंड लावून, आणि एकेक श्वास विहिरीतून पाणी शेंदावं तसा ओढायची. बोलणं तुटक झालं. पेज चमच्या-चमच्यानं जाऊ लागली. गौरजानं रजा टाकली. काकीच्या खुर्चीशेजारी ती जमिनीवर झोपायची, म्हणजे झोपायची नाहीच, श्वास ऐकत पडायची. काका थट्टा करायचे थांबले होते. घरात याहून भीतीदायक काही नव्हतं.

शालूचं काय, हे काकीनं एकदा विचारलं. गौरजानं सांगितलं की नीट ठेवलाय, आता काळजी नको. काकीनं मान हलवली. वारा देऊन झाला, असंच ती समजली असावी. तिला आणखी विचारायला दम नव्हता, आणि गौरजालाही उलगडून सांगावंसं वाटलं नाही.

मग एका सकाळी काकीनं डोळे न उघडता विचारलं, "खंयचा दार बंद केलंस काय गो?"

"नाय, काकी. सगळी उघडी आसत."

"बघ जा."

गौरजा घरभर फिरली. मागचं दार उघडलं, न्हाणीघराची खिडकी उघडली, गच्चीच्या जिन्याचं दारसुद्धा सताड केलं. परत येऊन काकीचा हात हातात घेतला. बोटं गार होती.

"उघडलंय सगळी," ती म्हणाली.

काकीनं बराच वेळ श्वास गोळा केला. "अजून एक... आसा," ती म्हणाली.

काका ओरसच्या जिल्हा रुग्णालयातून दुसऱ्या तपासणीचे कागद आणायला गेले होते. घरात दोघीच. दुपार चढली तसं बाहेरचं एकेक थांबत गेलं. रस्त्यावरची रिक्षा, शेजारचा मिक्सर, कावळे. समुद्र इथून दिसत नाही, पण एरवी ऐकू येतो. आज तोही येत नव्हता. ऐकू येत होता फक्त काकीचा श्वास, बाहेरच्या खोलीतून, घासत घासत येणारा.

काकीच्या खुर्चीवरची चादर घामानं भिजली होती. दुसरी आणायला म्हणून गौरजा मागच्या खोलीत गेली आणि तिनं स्टीलचं कपाट उघडलं.

वरच्या खणातली पिशवी फुगली होती.

उशीसारखी गुबगुबीत. खणात मावेना म्हणून तिची एक बाजू कपाटाच्या दारावर टेकलेली होती. दार उघडल्याबरोबर ती गौरजाच्या खांद्यावर कलंडली. मऊ होती. आणि कोमट. तिनं ती कशीबशी पलंगावर ठेवली आणि दूर उभी राहिली.

तोंड नीट लागलं नसेल, तिनं स्वतःला समजावलं. स्वस्तातल्या पिशव्या. हवा शिरली. पण तोंड घट्ट होतं, तिनं बोट फिरवून बघितलं. आणि प्लास्टिकवर आतल्या बाजूनं धुकं धरलं होतं. ओल. जिच्यासाठी सगळा खटाटोप केला तीच. शालू हातचा गेला, या एकाच विचारानं बाकीची भीती मागे सारली. तिनं पंप लावला आणि ओढला.

बाहेरच्या खोलीत काकीनं मोठ्यानं आचका दिला.

गौरजा धावली. काकी खुर्चीच्या हातांना धरून बसली होती, डोळे विस्फारलेले. गौरजानं पाठ चोळली. थोड्या वेळानं श्वास पुन्हा त्याच घासत्या लयीत आला. काकीनं हातानंच खुणावलं, बरं आहे, जा. गौरजा परत आली. पंप पिशवीला तसाच लटकत होता. तिनं दांडा धरला, जरा ओढला.

पुन्हा आचका.

तिनं दांडा सोडला. श्वास परत आला.

गौरजा मागे सरली. तरी तिचा हात, तिला न विचारता, खातरी करायला निघाला. दांड्याला फक्त बोट लागलं, नखाएवढा तो सरकला. बाहेर काकीचा श्वास तेवढाच, नखाएवढा अडला.

तिनं हात झटकला, इंगळाला लागल्यासारखा. आणि मग पहिल्यांदा पिशवीकडे नीट बघितलं. आतलं धुकं स्थिर नव्हतं. ते येत होतं आणि विरत होतं. बाहेरून काकीचा उच्छ्वास ऐकू आला की एका घडीजवळ प्लास्टिक पांढुरकं होई, आणि श्वास आत गेला की निवळे. गौरजा बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, धुकं एकाच जागी येत नाही. काठापाशी एक येत होतं, फार सावकाश, म्हाताऱ्या माणसासारखं. मधल्या घडीत एक. पदरापाशी आणखी एक. प्रत्येकाची लय वेगळी. फक्त एकाचा आवाज बाहेरच्या खोलीत होता. बाकीच्यांचा कुठेच नव्हता.

तिला पळायचं होतं. पडवीतून, अंगणातून, रस्त्यावर, माणसांत. उघडलं तर आतून काय बाहेर पडेल याची कल्पनासुद्धा तिला करवेना. पण उघडलं नाही तर काकी संध्याकाळ बघणार नाही, हे तिला आता पक्कं कळलं होतं, पुस्तकातलं कळतं तसं नव्हे, पोटातून. दाताखाली ओठ धरून ती पलंगाशी आली.

"माका माफ करा," ती पुटपुटली. कुणाला, ते तिलाही माहीत नव्हतं. "माका कळूक नाय..."

तिनं पिशवीचं तोंड उघडलं.

आधी काहीच झालं नाही. मग पिशवीनं श्वास सोडला. हळू, लांब, संपेचना असा. अर्ध्या हाताच्या पिशवीत मावेल एवढीच हवा असायला हवी होती, पण ती येत राहिली, गौरजाच्या मनगटावरून, गालावरून, कानामागच्या केसांतून. तिच्यात सुरंगीचा वास होता, ऐन फाल्गुनात फुलांचा वळेसर माळल्यावर येतो तसा, आणि हे दिवस तर सुरंगीचे नव्हते. मागोमाग पेजेच्या वाफेचा वास आला. मग ओल्या जावळाचा, न्हाऊ घातलेल्या तान्ह्या मुलाच्या टाळूला येतो तो. आणि त्या वासाबरोबर गौरजाला कुणीतरी उचलून घेतल्यासारखं वाटलं, इतकं खरं की तिच्या टाचा लादीवरून सुटल्या. खिडक्यांचे पडदे सगळे एकदम बाहेरच्या बाजूला उडाले आणि तसेच ताणलेले राहिले. भीती होतीच. पण तिच्यापेक्षा मोठं काहीतरी तिच्या छातीत मावेनासं झालं होतं. देवळात गाऱ्हाणं घालताना सगळा गाव एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतो तेव्हा होतं तसं.

तिनं रीत चुकवली नाही. हातरी पसरली. शालू उलगडला. पाण्याची वाटी ठेवली, मागच्या दारातली जास्वंद तोडून आणून ठेवली. काठावर एकही ठिपका नव्हता. ऊन हातरीच्या कडेवर येऊन थांबलं होतं. मागे मागे सरत ती दारापर्यंत आली, दार ओढून घेण्यासाठी वळली, आणि दारात काकी उभी होती.

स्वतःच्या पायांवर. मॅक्सीवर गौरजाची ओढणी खांद्यावर टाकलेली. चार पावलांसाठीही आधार लागणारी काकी, न धापता, न खोकता. तिचा श्वास इतका शांत होता की गौरजाला तो ऐकूच येईना, आणि ती घाबरून तिच्या छातीकडे बघत राहिली. छाती हलत होती. सावकाश, भरून.

"काकी, भितर जावचा नाय ना..."

काकीनं तिच्याकडे बघितलं नाही. ती हातरीपलीकडे बघत होती, खिडकीच्या बाजूला, जिथं काही नव्हतं. मग तिनं ओढणी डोक्यावर घेतली, सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर घेतात तशी, आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं.

हातरीच्या टोकाशी ती वाकली. रिकाम्या लादीला हात लावून तो हात तिनं कपाळाला लावला. उठली, दोन पावलं बाजूला सरकली, पुन्हा वाकली. या वेळी जरा जास्त वेळ, आणि उठताना तोंडावर लाजल्यासारखं हसू होतं, सीताआजीनं काही टोमणा मारावा आणि तो मायेचा असावा तसं. पुन्हा सरकली. इथं ती वाकली नाही. तिनं दोन्ही हात पुढे केले आणि कुणाचे तरी हात धरले.

"बरी आसस मा, वयनी?" काकी म्हणाली. "बघ तुझा चेडू. केदां मोठा झाला."

गौरजा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. काकीच्या हातांमध्ये फक्त ऊन होतं. आईला हाक मारावी असं तिला वाटलं. तो एक शब्द तिनं जन्मात कधी मोठ्यानं म्हटला नव्हता, आणि आताही तो म्हटला गेला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

काकीनं हात सोडले. वळून ती बाहेर येणार, तेवढ्यात थबकली.

हातरीच्या शेवटाशी, पदर पसरला होता त्या बाजूला, तिनं वाकून बघितलं. तिच्या कपाळाला आठी पडली. वडीलधाऱ्या माणसाकडे बघावं तशी ती बघत नव्हती. डोक्यावरची ओढणी तिनं मागे सारली. मग हात पुढे करून कुणाच्या तरी डोक्यावर ठेवला. तो हात तिच्या कमरेएवढ्या उंचीवर, हवेत, अलगद टेकला होता.

"खंयची गो तू?" काकीनं विचारलं. आवाज अगदी हळू, घाबरलेल्या पोराशी बोलतात तसा. "कोणाची?"

पडदे केव्हाच खाली आले होते. खोलीत वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. लादीवर पसरलेल्या शालूचा पदर एका कडेनं सावकाश उचलला गेला. काकीच्या हाताखाली येईपर्यंत तो वर गेला आणि तिथं थांबला. लहान मुली मोठ्यांचं लुगडं अंगाशी धरून आरशात बघतात, तसा. जरा डावीकडे वळला. जरा उजवीकडे.

काकी कान देऊन काहीतरी ऐकत होती. "अजून येवची आसस तर," ती हळूच म्हणाली. ऐकून झाल्यावर तिनं मान वर केली आणि गौरजाकडे बघितलं, कितीतरी वेळ, पायांपासून केसांपर्यंत, पहिल्यांदाच बघावं तशी.